मिस्त्रीच्या पोरानं कोणता जिना चढावा?

राळेगाव तालुक्यातल्या एका मिस्त्रीभाऊंनी विचारलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वीस-बावीस वर्षं झाली, घरकुलं, शाळेच्या खोल्या, विहिरीचं बांधकाम, पडेल ते काम करतो. मुलाला यंदा दहावीत ६१ टक्के मिळाले, गणितात ६८. बांधकामाचीच आवड आहे. त्याचा मामा पुण्याला सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटांच्या साच्याचे, ठेके घेतो. तो म्हणतो, पाठवून दे, सहा महिन्यांत कमावता होईल. मास्तर आयटीआय म्हणतात. शेजारी म्हणतात, बारावी सायन्स करून इंजिनिअर कर. माझी एवढीच इच्छा की त्यानं माझ्यासारखं घमेलं उचलू नये. धाकटी मुलगी आठवीत आहे, वहीत घरांचे नकाशे काढत बसते. दोघांचं काय करावं?

भाऊ, पहिले तुमच्या घमेल्याबद्दल बोलतो. घमेलं तुम्ही उचलत नाही, ते रेजा, म्हणजे मजूर बाया, उचलतात. तुम्ही थापी चालवता, ओळंबा धरता, काटकोन पाहायला गुन्या लावता. वीस वर्षं हे करणारा माणूस पोराला 'माझ्यासारखा होऊ नको' म्हणतो, तेव्हा पोरगं त्यातून एकच अर्थ काढतं की या कामात मान नाही. मग ते सिव्हिलला जातं, पण साईटवर धुळीत उभं राहायला लाजतं. असे इंजिनिअर माझ्याकडे दरवर्षी येतात. एसीत बसून करायचं काही काम आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

मी आर्वी तालुक्यातला. १९९७ मध्ये अमरावतीच्या सरकारी तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा केला. आधी दुसऱ्यांच्या साईटवर सुपरवायझर होतो, मग बिलं काढणारा झालो, आता बारा-तेरा वर्षांपासून स्वतःचे छोटे ठेके घेतो. डिग्री कधी केली नाही. करायला हवी होती का? दोन वेळा वाटलं, करायला हवी होती. ते पुढे येईलच.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत असं तुम्ही लिहिलंत. मला तो एकच जिना वाटतो, फक्त चढायच्या जागा वेगळ्या. जिना बांधताना आपण मधे लँडिंग ठेवतो, कारण दम लागला तर माणसाला उभं राहायला जागा पाहिजे. शिक्षणाचं गणितही तसंच करून पाहा. बारावी सायन्सची दोन वर्षं आणि डिग्रीची चार मिळून सहा. दहावीनंतर डिप्लोमाची तीन आणि त्यावर थेट दुसऱ्या वर्षात डिग्रीची तीन, तरीही सहाच. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय, मग थेट डिप्लोमाचं दुसरं वर्ष, म्हणजे अजून दोन, आणि वाटलं तर डिग्रीची तीन, असे सात. टोकाला पोचायला फार तर एका वर्षाचा फरक. पण पहिल्या जिन्याला सहा वर्षांत कुठेच लँडिंग नाही. बारावी झाली, सीईटी बिघडली, की पोरगं हातात काहीच नसताना घरी. दुसऱ्या जिन्यात तीन वर्षांनी एक पक्कं लँडिंग आहे. तिसऱ्यात दोन आहेत, आणि दोन्हीवर उभं राहून कमावता येतं.

ज्याच्या घरी तीन-चार एकर कोरडवाहू आणि बापाची रोजी एवढंच आहे, त्यानं लँडिंग असलेला जिना पाहावा. कपाशी एका साली दगा देते, पऱ्हाटीवर बोंडअळी येते, आणि तेव्हा पोराची फी मधेच थांबते. हे मी माझ्या वर्गात पाहिलं आहे. बारावी सायन्सच्या वाटेनं गेलेल्यांत जे मधे अडकले ते 'बारावी पास' राहिले. डिप्लोमा झाल्यावर अडकलेला मात्र डिप्लोमावाला म्हणून कामाला लागला. बारावी सायन्स वाईट आहे असं नाही. पोराला गणितात नव्वद असते, नागपूरच्या व्हीएनआयटीत नाहीतर अमरावतीच्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजात जाण्याची धमक दिसत असती, तर मी वेगळं बोललो असतो. ६८ गुण वाईट नाहीत. पण जेईई-सीईटीच्या ट्यूशनला अमरावती-नागपूरला खोली करून दोन वर्षं ठेवण्याइतका तो पैज लावण्याचा आकडा नाही.

म्हणून माझं पहिलं मत: सरकारी तंत्रनिकेतनात सिव्हिलचा डिप्लोमा. दहावीला ३५ टक्के असले तरी अर्ज करता येतो, प्रवेश मात्र गुणवत्ता यादीवर. विदर्भात यवतमाळ, अमरावती, नागपूर, आर्वी, मूर्तिजापूर, खामगाव, वाशीम, साकोली, गोंदिया, ब्रह्मपुरी, गडचिरोली इथे सरकारी तंत्रनिकेतनं आहेत. नागपूरचं १९१४ चं आहे, अमरावतीचं १९५५ चं. सिव्हिल कुठे आहे आणि किती जागा आहेत ते प्रवेश-अर्जात कॉलेजांचे पर्याय भरताना यादीत दिसतं. पर्याय भरताना घाई करू नका. माझ्या ओळखीच्या एका पोरानं घराजवळचं म्हणून खाजगी कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं, तेच मिळालं, आणि सरकारी जागा त्याच्या गुणांत मिळत होती हे त्याला नंतर कळलं. सरकारीची फी खाजगीच्या मानानं काहीच नसते. शिवाय जुन्या सरकारी तंत्रनिकेतनात एक गोष्ट असते ती बऱ्याच नव्या कॉलेजांत नसते: कामाचं यंत्र. काँक्रीटची ताकद पाहायला क्यूब फोडायचं मशीन चालू आहे का, पातळी मोजायचं ऑटो लेव्हल पोरांच्या हाती देतात की कपाटात ठेवतात, हे प्रवेशाआधी जाऊन विचारा. मी एका खाजगी ठिकाणी पाहायला गेलो होतो, तिथल्या टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राच्या खोक्याला दुकानाचं प्लास्टिक तसंच होतं.

डिप्लोमात पोरं कुठे आपटतात? पहिल्याच वर्षी, गणितात आणि मेकॅनिक्समध्ये. मराठी शाळेतून आलेल्या पोराला पुस्तकं इंग्रजीत मिळतात, पहिल्या चाचणीत तीन-चार विषय जातात, आणि ते मनातून खचतं. वर्ष मागे पडलं, ज्याला पोरं 'वायडी' म्हणतात, की निम्मी सोडून देतात. तंत्रशिक्षण मंडळानं आता मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिण्याचा पर्याय दिला आहे. लाज न बाळगता तो घ्यावा. कॉलम, बीम, फुटिंग, शिअर हे शब्द इंग्रजीतच राहतात, आणि ते तुमच्या पोरानं तुमच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेत. ही त्याची जमेची बाजू आहे. वर्गातल्या शहरी पोरांना कॉलमच्या सळयांना बांधायची 'रिंग' म्हणजे काय हे दुसऱ्या वर्षी कळतं.

डिप्लोमाला नंबर लागला नाही तर आयटीआय. तो कमी दर्जाचा नाही, फक्त ट्रेड निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात. बांधकामाशी जोडलेले ट्रेड पुष्कळ आहेत: मेसन, प्लंबर, कारपेंटर, वेल्डर, वायरमन, इलेक्ट्रिशियन, सिव्हिल ड्राफ्ट्समन, सर्वेयर. यातले मेसन, प्लंबर, कारपेंटर, वेल्डर एक वर्षाचे. ड्राफ्ट्समन, सर्वेयर, इलेक्ट्रिशियन, वायरमन दोन वर्षांचे. हा फरक फार कोणी सांगत नाही, पण जिन्याच्या हिशेबानं तोच मोठा. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जायचं दार उघडतं. एक वर्षाच्या ट्रेडवरून ते उघडत नाही. भाषेचे विषय दिले तर दोन वर्षांच्या आयटीआयला बारावीची समकक्षताही मिळते. म्हणून पोराला पुढे शिकायची थोडी जरी इच्छा असेल तर ड्राफ्ट्समन सिव्हिल किंवा सर्वेयर घ्या. तालुक्याच्या आयटीआयमध्ये हे ट्रेड नसतील तर जिल्ह्याच्या ठिकाणी पाहा. गावाजवळ आहे म्हणून भलता ट्रेड घेऊ नका.

सर्वेयरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण या ट्रेडकडे आपली पोरं वळून पाहत नाहीत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. विदर्भात तो नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जातो. आमच्या आर्वी तालुक्यातून तो गेला तेव्हा मी रोज पाहत होतो: आधी येतात टोटल स्टेशन आणि जीपीएसवाले, मग पोकलेन, मग डंपर. शेवटी जातानाही टोटल स्टेशनवालाच असतो, लेव्हल तपासायला. आमच्याच भागातला एक पोरगा सर्वेयर ट्रेड करून तिथे हेल्पर म्हणून लागला, प्रिझमचा दांडा धरून उभा राहायचा. दुसऱ्या वर्षी यंत्र त्याच्या हाती आलं. महामार्ग झाला, कंपनी निघून गेली, हा राहिला. आता लेआउटची मोजणी करतो, शेताचे बांध दाखवतो, आणि मलाच त्याच्या तारखेसाठी थांबावं लागतं. नांदेडहून यवतमाळमार्गे वर्ध्याकडे येणारी रेल्वे लाईन तुमच्याच जिल्ह्यातून जाते. तिथे खांब रोवणारे कोण आहेत, बाहेरचे की आपले, हे एकदा जाऊन पाहा. आपल्या साईटींवर बरेच मिस्त्री आणि सेंट्रिंगवाले बालाघाट-छत्तीसगडचे असतात. ते हुशार आहेत, कष्टाळू आहेत. पण आपल्या गावातलं पोट्टं पानठेल्यावर बसून 'काम नाही' म्हणतं, तेव्हा मला राग येतो.

आता खरी गोष्ट. कोणताही कागद घ्या, डिप्लोमा असो की आयटीआय, साईटवर पहिल्या आठवड्यात मी तो पाहत नाही. एक प्रश्न विचारतो. वीस बाय तीसचा स्लॅब आहे, पाच इंच जाडी, एम-२० म्हणजे सिमेंट, रेती, गिट्टी एकास दीडास तीन असा माल. सामान सांग. तुम्ही स्वतः हे डोळ्यांनी सांगता, मला माहीत आहे. पोराकडून कागदावर करून घ्या. सहाशे चौरस फुटाला पाच इंच जाडी म्हणजे २५० घनफूट, अडीच ब्रास काँक्रीट. ओलं काँक्रीट आणि कोरडा माल यात फरक असतो, म्हणून १.५४ नं गुणायचं, ३८५ घनफूट. एक, दीड आणि तीन यांची बेरीज साडेपाच. त्यात सिमेंटचा वाटा ७० घनफूट, सव्वा घनफुटाची गोणी धरली तर ५६ गोण्या. रेती १०५ घनफूट, ब्रासपेक्षा थोडी जास्त. गिट्टी २१० घनफूट, दोन ब्रासपेक्षा थोडी जास्त. मग लोखंड. सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं: आठ मिलिमीटरला ०.३९५, बाराला ०.८९, सोळाला १.५८. डिग्रीवाले तीन पोरं मी असे पाहिले की १६२ चा आकडा पाठ, पण तो कुठून आला हे विचारलं की गप्प. लोखंडाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, त्यातून तो निघतो. हे ज्याला काढता येतं, तो दुकानदाराच्या काट्यावर फसत नाही.

आणि गुन्या? तुम्ही लाइन आउट, म्हणजे पायाची आखणी, करताना तीन, चार, पाचचा दोर लावता. दहावीच्या पुस्तकातलं पायथागोरसचं प्रमेय हेच. पोराला ६८ गुण मिळाले ते यासाठीच मिळाले, हे त्याला कोणी सांगितलंय का? प्लिंथवर, म्हणजे जोत्यावर, नेऊन दाखवा. शाळेतल्या गणिताचा वापर घरातच सापडला की पोराचा जीव त्यात लागतो.

माझी फजिती सांगतो. नोकरीचं पहिलंच वर्ष, एका शाळेच्या आवारभिंतीचं काम. काळ्या मातीवर मी परीक्षेत भरभरून लिहिलं होतं: पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, बांधकामाला भेगा पाडते. पण मे महिन्यात पाया खोदला तेव्हा ती माती दगडासारखी लागली. म्हटलं, अडीच फूट पुरे. आमचा मिस्त्री सत्तरीकडे झुकलेला. तो म्हणाला, "हे माती आता टणक लागते, सायेब. पोळ्यापर्यंत थांबा, इथं बैल फसते." मी ऐकलं नाही. मुरूम लागेपर्यंत खोदायला आणखी दोन फूट जावं लागलं असतं, आणि ठेकेदारासमोर मला खर्च वाचवून दाखवायचा होता. दसऱ्याच्या सुमारास भिंतीत बोट जाईल एवढी भेग पडली. ठेकेदारानं माझा दोन महिन्यांचा पगार कापला, आणि त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या मिस्त्रीला माती कळत होती, पण किती खोल जायचं आणि प्लिंथ बीमला किती लोखंड टाकायचं ते सांगता येत नव्हतं. मला सांगता येत होतं, पण समोरची माती ओळखता आली नाही. तुमच्या पोराच्या घरात माती ओळखणारा माणूस आधीच बसला आहे. दुसरी बाजू त्यानं कॉलेजात जाऊन आणावी.

क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीटला पाणी मारण्याचंही तसंच. आपल्याकडे बाजारात येतं ते बरंचसं पीपीसी, राखमिश्रित सिमेंट. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक म्हणतं, साध्या ओपीसीला कमीत कमी सात दिवस पाणी, आणि कोरड्या-गरम हवेत किंवा राखमिश्रित सिमेंटला दहा दिवसांपेक्षा कमी नको. चंद्रपूर-अकोल्याच्या पंचेचाळीस डिग्रीत गावातला घरमालक तीन दिवस पाणी मारतो आणि चौथ्या दिवशी विहीर आटली म्हणतो. त्या मालकाला समजावून, गोणपाट अंथरून, पहाटे चारला स्लॅब टाकायला लावणारा पोरगा मला पाहिजे असतो.

मामाचं काय? मामाला वाईट समजू नका. सेंट्रिंग हे कसबाचं काम आहे, आणि चांगला सेंट्रिंग ठेकेदार नव्या डिप्लोमावाल्यापेक्षा पहिली काही वर्षं जास्तच कमावतो. ही कडू गोष्ट पोराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर डिप्लोमा झाल्यावर पहिला पगार पाहून तो रडेल. पण पोरगं सोळा वर्षांचं आहे. अठराच्या आत बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणीच होत नाही. दहाव्या मजल्यावरच्या प्लेटवर काही झालं तर मामा रडेल, पण भरपाई कोण देणार? दुसरं, सोळाव्या वर्षी हातात रोख पैसा आला की परत वर्गात बसणारा पोरगा मी आजवर एक पाहिला. एकच. मामाकडे दिवाळीच्या सुट्टीत पाठवा, कामाला नाही, पाहायला. जमिनीवर उभं राहून प्लेटा मोजायच्या, नकाशा पाहायचा, वहीत लिहायचं. मामाला बजावून सांगा, पैसे द्यायचे नाहीत.

आता धाकटी. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ तिचीच, आणि तुम्ही ती शेवटी टाकलीत. गावात लोक म्हणतील, पोरीचं काय काम बांधकामावर. भाऊ, आपल्या प्रत्येक साईटवर बाया आहेत. जन्मभर डोक्यावर गिट्टी वाहतात तेव्हा कोणी म्हणत नाही की हे बायांचं काम नाही. थापी हातात घेतली की मात्र म्हणतात. तीस वर्षं रेजा म्हणून काम केलेल्या बाईचा माल मिस्त्रीपेक्षा चांगला कालवलेला असतो, पण तिला मिस्त्रीची रोजी कोणी दिलेली मी पाहिली नाही. मीही दिली नव्हती. चार वर्षांपूर्वी एकीला प्लास्टरवर घेतलं तेव्हा माझ्याच दोन मिस्त्र्यांनी काम सोडलं. दोघंही महिन्याभरात परत आले. मुलीसाठी दहावीनंतर ड्राफ्ट्समन सिव्हिल किंवा डिप्लोमा, दोन्ही चांगले. आयटीआयमध्ये मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत. यवतमाळला मुलींचं सरकारी निवासी तंत्रनिकेतन आहे, तिथे कोणत्या शाखा आहेत ते तिच्या वेळी पाहा. आणि २०२४ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक डिग्रीची शिक्षण-फी पूर्ण माफ आहे. डिग्रीपर्यंत जायला पोरापेक्षा पोरीची वाट आज स्वस्त आहे. तिनं नुसतं कॉम्प्युटरवर नकाशे काढत बसू नये एवढंच. मी ज्या ड्राफ्ट्समन पोरींवर भरवसा ठेवतो त्या महिन्यातून दोनदा साईटवर येऊन आपण काढलेला जिना डोक्याला लागतो का ते पाहतात. आमच्या एकीनं काढलेला लागला होता.

पैशाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो आहे. तुम्ही स्वतः बांधकाम कामगार मंडळात नोंदणी केली आहे का? वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला ग्रामसेवक किंवा ठेकेदाराकडून घ्यायचा, वय १८ ते ६० पाहिजे, नोंदणीची फी १ रुपया. दलाल हजार-दोन हजार मागतात, देऊ नका. नोंदणी चालू असेल तर पहिल्या दोन मुलांना शिक्षणाचे पैसे मिळतात: दहावीला ५० टक्क्यांवर गुण मिळाले की १० हजार, शासनमान्य डिप्लोमाला वर्षाला २० हजार, इंजिनिअरिंगच्या डिग्रीला ६० हजार. तुमच्या पोराच्या ६१ टक्क्यांवरच दहा हजार बसतात. मिस्त्री असूनही नोंदणी नसलेले निम्मे लोक माझ्या ओळखीचे आहेत, आणि आयुष्यभर लोकांची घरं बांधणाऱ्याच्या पोराला हा पैसा फक्त कागदासाठी सुटतो. याशिवाय महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर प्रवर्गाप्रमाणे शिष्यवृत्त्या आहेत. नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिला नाही, म्हणून कोणती बसते ते कॉलेजच्या सुविधा केंद्रात विचारा. कागद मात्र आजच गोळा करा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाईल. निकालानंतर सेतूवर रांग लागते, सर्व्हर बसतो, आणि प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. गुणांपेक्षा दाखल्यापायी जागा गेलेली पोरं मला जास्त माहीत आहेत.

शिक्षण झाल्यावर पोरगं 'जेई'ची, म्हणजे सरकारी ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेची, तयारी करतो म्हणेल. सगळेच म्हणतात. २०२३ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागानं २१०९ जागांची भरती काढली, त्यात स्थापत्य अभियांत्रिकी सहायकाच्या १३०० हून जास्त होत्या, तेव्हा आमच्या भागात पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. सहायकाच्या पदाला दहावीनंतरचा एक वर्षाचा त्याच नावाचा अभ्यासक्रमही चालतो, हे लक्षात ठेवा. पण अशी भरती दरवर्षी निघत नाही. अमरावतीच्या अभ्यासिकांत अठ्ठावीस-तीस वर्षांचे सिव्हिलवाले बसलेत, ज्यांनी पास झाल्यापासून एकदाही काँक्रीटला हात लावला नाही. परीक्षा द्यावी, पण कामावर राहून. आयटीआय किंवा डिप्लोमा होताच वर्षभराची अप्रेंटिसशिप धरा. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन ५ हजार ते ९ हजार धरलं होतं, शिक्षणाप्रमाणे. पैसे कमी आहेत, पण अनुभवाचं प्रमाणपत्र मिळतं. त्या वर्षात त्यानं बिलिंग शिकावं. मेजरमेंट बुक भरता येणं, कामाचं मोजमाप करून बिल काढता येणं, हे ज्याला येतं त्याला मंदीतही कोणी काढत नाही. मला डिग्री नाही याचं दोनदा वाईट वाटलं म्हणालो ना, त्यातलं एकदा मोठ्या कामाच्या टेंडरला डिग्रीवाला इंजिनिअर दाखवावा लागला तेव्हा. दुसऱ्यांदा माझ्या पोरानं फॉर्मवर बापाचं शिक्षण लिहिताना विचारलं तेव्हा, पण तो वेगळा विषय.

सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या, कॉम्प्युटरवर नकाशे शिकवणाऱ्या ऑटोकॅड क्लासेसच्या जाहिराती सध्या प्रत्येक एसटी स्टँडवर दिसतात. ज्याला साधी पेन्सिलनं प्लॅन-सेक्शन-एलिव्हेशन काढता येत नाही त्याला कॉम्प्युटर शिकवून काय होणार? डिप्लोमात ते येतंच. पैसे वाचवा.

तोवर सुट्टीत एक काम द्या. तुमच्या हाती सध्या एखादं घरकुल असेलच. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. वही आणि टेप देऊन पोराला पूर्ण घर मोजायला लावा आणि राळेगावच्या दुकानातले आजचे भाव विचारून एस्टिमेट करायला सांगा: विटा, रेती, गिट्टी, सिमेंट, लोखंड, तुमची मजुरी, रेजांची मजुरी. मग केंद्राच्या घरकुल योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार त्याच्या बाजूला लिहू द्या. घरकुलं स्लॅबपाशी येऊन का थांबतात हे त्याचं त्याला कळेल. धाकटीला त्याच घराचा नकाशा काढायला द्या, खिडकी कुठल्या बाजूला घ्यावी म्हणजे मे महिन्यात घर कमी तापेल, हा प्रश्न तिच्यासाठी. पोराचा हिशेब आणि तुमचा अंदाज यात किती फरक पडला ते मला कळवा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर पर्याय-अर्जात सिव्हिल डोळे मिटून टाका. जास्त असेल तर आधी पाहा, चुकलं कोण.